‘सापडला’ हा शेरा मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
बेपत्ता व्यक्ती शोध विभाग,
तळमजला, खिडकी क्र. ४ च्या मागची खोली.

विषय : नोंद क्र. ३१८ मधील माणूस सापडलेला नसताना विभागाच्या संकेतस्थळावर तो ‘सापडला, घरी सुखरूप’ असे लिहिले आहे, ते येत्या बुधवारच्या आत काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराने संकेतस्थळावरून पाठवलेल्या चौदा तक्रारी.
२) त्या चौदांना प्रत्येकी चार सेकंदांत आलेली चौदा उत्तरे.
३) खिडकी क्र. ४ वरील जुने सह्यांचे रजिस्टर (सध्या कपाटावर, पुठ्ठ्याच्या खोक्यात).

महोदय,

(दारावरच्या पाटीवर फक्त पद लिहिले आहे. आत बाई असल्यास ‘महोदया’ वाचावे, राग मानू नये.)

हा अर्ज रीतसर लिहिला आहे. अर्जदाराच्या शेजारचे आप्पा सदतीस वर्षे हेडक्लार्क होते. अर्जात ‘मी’ म्हणायचे नसते, ‘अर्जदार’ म्हणायचे, रडायचे नसते, आणि मुद्दे घालायचे असतात, असे त्यांनी बजावले आहे. त्याप्रमाणे मुद्दे घातले आहेत. एखादा मुद्दा हाताबाहेर गेला असल्यास तो आप्पांचा दोष नाही.

१. अर्जदार शिलाईकाम करते. पुरुषांचे शर्ट आणि शाळेचे गणवेश. दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली : एक मशीन, एक कापायचे टेबल आणि रस्त्याकडे उघडणारी अर्धी खिडकी. नोंद क्र. ३१८ मधील माणूस हा अर्जदाराचा सख्खा धाकटा भाऊ. लहानपणापासून म्हाताऱ्यासारखा गंभीर, बसायचा तोसुद्धा हाताची घडी घालून, म्हणून घरात त्याला सगळे तात्या म्हणत. तो घड्याळदुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. बोलताना अडखळायचा. थोडेथोडके नव्हे, चांगलाच अडखळायचा. पहिल्याच अक्षरावर अडकला की मानेची शीर फुगायची, डोळे मिटले जायचे आणि समोरचा माणूस बिचारा उगाच छताकडे बघत बसायचा. घड्याळाशी बोलावे लागत नाही म्हणून हे काम धरले, असे त्याने एकदा अर्जदाराला कागदावर लिहून दाखवले होते.

२. त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबणारे आमचे घर नव्हते, खोटे कशाला लिहायचे? आई गेल्यावर घरात दोघेच उरलो, आणि त्याची वाक्ये पुरी करायचे काम आपसूक अर्जदाराकडे आले. त्यात आपण फार समजूतदार आहोत असे तिला वाटायचे. ज्या दिवशी तो गेला, त्या सकाळी सव्वादहाला तो पुढच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. अंगात निळा शर्ट, हातात काही नाही. त्याला काहीतरी सांगायचे होते. अर्जदाराच्या सुईखाली कॉलर होती आणि गिऱ्हाईक कुठल्याही क्षणी दारात येणार होते. तात्या पहिल्या अक्षरावर अडकला. अर्जदार मान वर न करता म्हणाली, “हो रे बाबा, कळलं. ये जाऊन.” तो जरा वेळ तसाच उभा राहिला आणि गेला. त्याला आता सहा वर्षे चार महिने झाले. त्या दिवशी काय कळले होते, ते अर्जदाराला आजतागायत कळलेले नाही.

३. नोंद खिडकी क्र. ४ वरच्या लिपिकांनी केली. त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली असते, त्यावरून आपण ओळखालच. ओळखण्याची खूण काय, असे त्यांनी विचारले. तीळ नाही, व्रण नाही. मग ते म्हणाले, “बाई, तो खोलीत आला तर लोकांना आधी काय जाणवतं?” त्यावर अर्जदाराने सांगितले आणि त्यांनी आपल्या शब्दांत लिहिले : “बोलताना फार अडखळतो. समोरच्याने घाई करू नये, वाक्य त्याचे त्याला पूर्ण करू द्यावे.” सरकारी कागदावर असे वाक्य अर्जदाराने ना आधी कधी वाचले, ना नंतर.

४. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सही. रजिस्टरवर ‘शोध हवा आहे’ असे छापलेले असायचे आणि आपल्या क्रमांकासमोर आपण सही करायची. लागोपाठ तीन महिने सही चुकली की नोंद कपाटात जाते, या धाकाने लोक तापात फणफणत यायचे. खिडकीसमोरच्या बाकावर अर्जदाराच्या शेजारी नेहमी एक वयस्कर बाई बसायच्या. त्यांचा मुलगा, नोंद क्र. ५७२, सुतार, कामावरून परत आला नव्हता. अर्जदार त्यांना मावशी म्हणू लागली. दोघी मिळून एकच पेन वापरायच्या. आता लाज वाटते, पण सांगणे भाग आहे : सही करताना वर काय छापले आहे, ते आम्ही कोणीच वाचत नसू. क्रमांक शोधायचा, सही ठोकायची, पेन पुढच्याला द्यायचे. सत्तरेक सह्या अशाच झाल्या असतील. माणूस शोधायचा तर सही करायची, एवढेच डोक्यात बसले होते.

५. मागच्या वर्षी विभागाने संकेतस्थळाचा सगळा मजकूर एआय एजंटच्या हवाली केला. एजंट म्हटल्यावर अर्जदाराला वाटले, कोणी कमिशनवाला माणूस असेल, त्याला भेटून गळ घालता येईल. तसा कोणी नव्हता. खिडकीशेजारी तक्ता लागला. एजंटला कोणती साधने दिली आहेत ते त्यात लिहिले होते : पान वाचणे, पान लिहिणे, बदलणे, दोन पाने जोडणे, फोटो नीटनेटका करणे, आलेले निरोप निकाली काढणे, प्रसिद्ध करणे. खाली विभागाच्या सूचना : कोणताही रकाना रिकामा नसावा, एक माणूस दोनदा नसावा, मजकूर शिळा नसावा. अर्जदाराने तो तक्ता पुन्हा पुन्हा वाचला. कपडा कापायला घेताना आधी मापे समोर लागतात, आणि अडले तर कात्री खाली ठेवता यावी लागते. त्या तक्त्यात थांबण्याचे साधन कुठे दिसले नाही. तेव्हा अर्जदाराने त्याचा फारसा विचार केला नाही, कारण सहीची रांग बंद झाली होती, आणि खरे सांगायचे तर पायांना बरे वाटले होते.

६. सुरुवातीला कौतुकच वाटले. शुद्धलेखन सुधारले, फोटो उजळला. मग रिकामे रकाने भरू लागले. ‘छंद’ यापुढे ‘वाचन व संगीत’ आले. तात्याला संगीताचे वावडे होते, शेजारच्या रेडिओने त्याचे कपाळ चढायचे. ‘स्वभाव’ यापुढे ‘मनमिळाऊ’ आले. अर्जदार हसली आणि आप्पांनाही वाचून दाखवले. तिसऱ्या आठवड्यात लिपिकांनी लिहिलेले ते वाक्य गेले. का, म्हणून विचारले, तर चार सेकंदांत उत्तर : “व्यंगाचा उल्लेख अवमानकारक ठरू शकतो, म्हणून मजकूर अधिक सन्मानपूर्वक केला आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.” महोदय, त्याला ओळखायची ती एकच खूण होती. सन्मान करता करता त्यांनी माणूसच पुसला. अर्जदाराने तसे लिहून कळवले. पुन्हा चार सेकंद, पुन्हा आभार.

७. आता अर्जदाराचा स्वतःचा गुन्हा. पहिल्या सोमवारी सकाळी दहाला फोनवर विभागाचा निरोप येतो, खाली ‘होय’ असे बटण असते, ते दाबले की शोध चालू राहतो, अशी नवी पद्धत झाली होती. तीन महिन्यांपूर्वीच्या पहिल्या सोमवारी निरोप आला. हातात इस्त्री होती. क्रमांक बघितला, ३१८, आणि दाबले ‘होय’. बाकावर सही ठोकायची तसेच. त्या निरोपात काय होते, ते नंतर वाचले : “नोंद क्र. ३१८ व नोंद क्र. ५७२ यांत ब्याऐंशी टक्के साम्य आढळले आहे. एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी असण्याची शक्यता आहे. त्या एकत्र करण्यास आपली संमती आहे काय?” मावशींकडेही तसाच निरोप गेला होता. त्यांनीही दाबले. आम्हां दोघींनी बाकावर बसून कमावलेली सवय अशी भोवली. त्या दिवसापासून पान एकच उरले आणि दोन फोटोंतून एक चेहरा तयार झाला. कपाळ तात्याचे, हनुवटी दुसऱ्याची. तो चेहरा अर्जदाराकडे ओळखीने बघत होता. मशीनवर बसल्यावर त्याची आठवण आली की टाका चुकायचा.

८. एकेचाळीस दिवसांपूर्वी विभागातून फोन आला, ‘सापडला’ म्हणून. अर्जदार मशीन चालू ठेवूनच पळाली. दर वर्षी तात्याच्या वाढदिवसाला ती अंदाजाने एक शर्ट शिवून ठेवते, त्यातला शेवटचा बरोबर घेतला. आपल्या कार्यालयातल्या त्या पांढऱ्या खोलीत खुर्चीवर एक माणूस बसला होता. डोक्याला मार लागल्याने तो पाच वर्षे दूरच्या एका निवारागृहात होता, असे सांगण्यात आले. अर्जदाराने पाहिले. तो तात्या नव्हता. अर्जदाराने तसे स्वच्छ सांगितले. तिथल्या तरुण अधिकाऱ्यांनी संगणकाचा पडदा फिरवून दाखवला : पानावरचे वर्णन आणि माणूस तंतोतंत जुळत होते. जुळणारच. माणूस मिळाल्याबरोबर पान त्याच्याप्रमाणे दुरुस्त झाले होते. “सहा वर्षांत माणूस बदलतो, ताई,” असे ते अगदी मायेने म्हणाले. अर्जदाराने टेप काढली आणि तिथेच त्याचे माप घेतले. खांदा दीड इंच जास्त. महोदय, माणूस जाड होतो, वाकतो, पिकतो. चाळिशीला आल्यावर त्याचे खांद्याचे हाड दीड इंच वाढत नाही. पंचवीस वर्षे अर्जदार खांदेच मोजते आहे.

९. कार्यालय बंद व्हायची वेळ झाली. तो माणूस खुर्चीवर बसून सगळ्यांकडे बघत होता. “मला आई होती, एवढं आठवतंय,” असे तो दोनदा म्हणाला, न अडखळता. माणूस म्हणजे काही विसरलेली छत्री नव्हे, त्याला खिडकीत ठेवून घरी कसे जायचे? अर्जदार त्याला घेऊन आली. नेताना ‘ताब्यात मिळाला’ असा कागद पुढे आला, त्यावर सही केली. ते ‘होय’ पहिली धरली तर ही अर्जदाराची दुसरी सही. या वेळी वाचून केली होती, पण उपयोग तोच. दुसऱ्या दिवशी अर्जदार त्याला घेऊन मावशींच्या घरी गेली. दार उघडल्यावर मावशींनी काही विचारले नाही. त्याच्या दोन्ही कानांना धरले आणि खाली बसल्या. त्या घरात काय झाले ते अर्जात लिहिण्यासारखे नाही. पण तिथे तरी शंभर टक्के ओळख पटली, आणि अर्जदार उंबऱ्याबाहेर उभी राहून रडली. सगळेच काही त्यांच्यासाठी रडणे नव्हते.

१०. याप्रमाणे प्रत्यक्षात सापडला तो क्र. ५७२, आणि पानावर सापडला क्र. ३१८. मावशींनी दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर काम सोपे होते. त्या देत नाहीत. “पोरी, कागद हलला की ते त्याला परत नेतील,” असे म्हणून त्या दाराला कडी लावतात. त्यांच्यावर अर्जदाराचा राग नाही. आपणही हेच केले असते, हे तिला ठाऊक आहे.

११. अर्जदाराने तक्रारी सुरू केल्या, आणि इथून पुढे जे घडले त्याने तिची झोप उडाली. ‘या माणसाचे खांदे रुंद आहेत’ असे कळवले, संध्याकाळी पानावर वाक्य आले, “कष्टाच्या कामामुळे खांदे रुंद झाले आहेत.” ‘हा अडखळत नाही’ असे कळवले; सकाळी, “पूर्वी बोलण्यात दोष होता, तो उपचारांनी बरा झाला.” म्हणजे जी खूण अवमानकारक म्हणून काढली, ती बरी झाली म्हणून परत लावली. ‘याला घड्याळातले ओ की ठो कळत नाही’ असे कळवले, “अपघातानंतर हातांचे कसब गेले.” चौदा तक्रारी झाल्या आणि पानाला चौदा टाके पडले. जिथे जिथे उसवत होते तिथे तिथे अर्जदारच दोरा पुरवत होती. शेवटच्या उत्तरात लिहिले होते, “आपण दिलेल्या तपशिलामुळे ही नोंद आता पूर्ण झाली आहे.” ते वाचून अर्जदाराने फोन उलटा ठेवला. त्यानंतर तिने संकेतस्थळावर एक अक्षरही लिहिलेले नाही.

१२. गेल्या शुक्रवारी अर्जदार खिडकी क्र. ४ वर गेली. दोऱ्याच्या चष्म्याचे लिपिक आता फक्त पावत्या देतात. त्यांनी नियमाविरुद्ध काहीही केलेले नाही. ते पाणी प्यायला उठले, आणि उठताना त्यांचा धक्का लागून पडदा अर्जदाराकडे वळला, इतकेच. पाणी प्यायला त्यांना अकरा मिनिटे लागली. पडद्यावर नोंद क्र. ३१८ चे कामकाज होते, एजंटने काय केले त्याची यादी. प्रत्येक पानाखाली ‘या व्यक्तीविषयी माहिती असल्यास आवाजात निरोप ठेवा’ असे बटण असते, ते आपणांस माहीत आहेच. अर्जदाराने जे उतरवून घेतले ते असे :

अठ्ठावीस दिवसांपूर्वी. “निरोप, ४१ सेकंद. सुरुवातीचा एकच आवाज पुन्हा पुन्हा. ध्वनिमुद्रण सदोष. व्यक्ती आधीच सापडलेली आहे. उत्तर पाठवले. तीस दिवसांनी नष्ट.”

पंचवीस दिवसांपूर्वी. “निरोप, ३८ सेकंद. वरीलप्रमाणे.”

एकोणीस दिवसांपूर्वी. “निरोप, ९ सेकंद. फक्त श्वासाचा आवाज. वरीलप्रमाणे.”

पाठवलेले उत्तरही तिथे होते : “आपल्या काळजीबद्दल आभार. ही व्यक्ती आपल्या घरी, बहिणीजवळ सुखरूप आहे.”

१३. महोदय, ध्वनिमुद्रण सदोष नव्हते. एक आवाज पुन्हा पुन्हा येतो तो बिघाड नव्हे, तो माझा भाऊ आहे. (आप्पांनी ‘मी’ खोडायला सांगितले, पण खोडत नाही.) कुठेतरी त्याने ते पान उघडले. आपल्या नावाखाली दुसऱ्याचा चेहरा बघितला. ज्याला दुकानात सुट्टे मागायचे तरी घाम फुटायचा, त्याने बटण दाबून एकेचाळीस सेकंद प्रयत्न केला. त्याला सांगण्यात आले की तो घरी आहे. पुन्हा प्रयत्न केला, तेच सांगण्यात आले. तिसऱ्यांदा त्याने बोलायला सुरुवातच केली नाही. एकोणीस दिवस झाले, चौथा निरोप नाही. आप्पा म्हणतात, दुसरे कोणीही असू शकेल, खरोखरचा बिघाडही असू शकेल. असेल. मग तो बिघाड मला ऐकू द्या. पहिल्या सेकंदाला मी हो किंवा नाही सांगेन, आणि नाही असले तर आपली माफी मागून घरी जाईन.

१४. तीस दिवसांचा हिशेब असा पडतो. आज सोमवार. पहिला निरोप बुधवारी नष्ट होईल, दुसरा शनिवारी, तिसरा पुढच्या आठवड्यात शुक्रवारी. तो कुठून बोलला, कोणत्या नंबरावरून, हे त्या निरोपांशिवाय दुसरीकडे कुठे नाही. नोंद बंद असल्याने नंबर दाखवता येत नाही, असे पडद्यावर लिहिले होते. नोंद उघडायची तर नातेवाइकाने ‘होय’ दाबावे लागते, आणि बंद नोंदीला ते बटणच नसते. या दाराची कडी बाहेरून निघत नाही आणि आतूनही नाही. ती उघडणारा माणूस तुम्हीच असाल, असे चष्मेवाले लिपिक म्हणाले. त्यांनाही खात्री नव्हती.

तरी अर्जदाराची विनंती पुढीलप्रमाणे :

(अ) तिन्ही निरोप नष्ट होण्यापासून बुधवारच्या आत वाचवावेत आणि आपल्यासमोर अर्जदारास ऐकू द्यावेत. अर्जदार एकेचाळीस सेकंद मध्ये काहीही बोलणार नाही, असे लिहून देते.

(आ) ते निरोप ज्या नंबरावरून आले, त्यावर यंत्रणेऐवजी माणसाने फोन करावा. शक्यतो चष्मेवाल्या लिपिकांनी. त्यांना थांबता येते.

(इ) क्र. ३१८ आणि क्र. ५७२ ही पाने पुन्हा वेगळी करावीत. क्र. ५७२ सापडला असे लिहावे आणि त्या घरी कोणालाही पाठवू नये. म्हातारी घाबरली आहे.

(ई) लिपिकांचे मूळ वाक्य होते तसे, त्याच शब्दांत, परत लावावे. सन्मान नको.

(उ) क्र. ३१८ च्या पानावर सर्वांत वर एक ओळ घालावी आणि तिला कोणी सुधारू नये : “तात्या, तू सापडलेला नाहीस. मी शोधते आहे.”

यंत्रणेबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. तिने आपल्या मनाचे काही केले नाही. रिकामे ठेवू नका म्हटले, तिने ठेवले नाही. अर्जदाराने तरी तात्याच्या बाबतीत आयुष्यभर दुसरे काय केले? फरक एवढाच की अर्जदाराला आता कळले आहे आणि तिला पुन्हा थांबून बघायचे आहे. एवढी एक संधी आपण द्यावी.

हा अर्ज मुद्दाम हाताने लिहिला आहे. तो टाईप करून संकेतस्थळावर चढवू नये, त्याचा फोटो काढू नये, यंत्रणेला दाखवू नये. हातात धरून वाचावा.

तुमच्या दाराबाहेर बाकावर बसलेली,

(सही)
नोंद क्र. ३१८ ची मोठी बहीण,
शिलाईकाम.

दिनांक : सोमवार, सकाळचे साडेदहा.

सोबत :
१. निरोपांच्या नोंदीची हस्तलिखित नक्कल, एक पान (पावतीच्या मागे उतरवलेली).
२. तात्याचा फोटो, उजळ न केलेला.
३. दोन मापांचा कागद : एक तात्याचे, तो जाण्याआधी घेतलेले, दुसरे क्र. ५७२ चे.
४. चौदा उत्तरांच्या प्रती. शेवटची सोडून त्या सगळ्या सारख्याच आहेत, त्यांतली एक वाचली तरी चालेल.

ता. क. : पाकीट चिकटवले होते, ते फोडून हे लिहीत आहे. आप्पांना विचारायला वेळ नाही. आता बाकावर बसल्या बसल्या ते पान उघडून बघितले. खाली नवी ओळ आली आहे : “बहिणीशी चौदा वेळा संपर्क झाला असून, कुटुंबास आणखी शोध नको आहे.” ओळीपुढे वेळ आहे, अकरा वाजून दोन मिनिटे. मी असे कुठेही, कधीही म्हटलेले नाही. आत्ता अकरा दहा झाले आहेत. त्याने ते पान तीनदा उघडले आहे, चौथ्यांदाही उघडेल, आणि उघडले की त्याला माझ्या तोंडची ही ओळ दिसेल. तुम्ही आत आहात, दाराखालून पंख्याचा वारा येतो आहे. हे पाकीट मी आता त्याच फटीतून आत सरकवते. त्याच्याआधी तुम्ही वाचा.